सेकंडहँड प्रोसेसर साफ करायचाय? आधी उलटा करून बघा

विचारलंय ते थोडक्यात असं: एएमडीचा सेकंडहँड रायझन ५ ३६०० प्रोसेसर घेतला आहे. वरची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे, म्हणजे वर बसणाऱ्या पंख्याच्या ठोकळ्याकडे, नेण्यासाठी मध्ये लावतात ती) खडखडीत वाळली आहे, कडांवरही आली आहे आणि खाली पिनांमध्येही थोडी दिसते. घरात हँड सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि गाडीचं पेट्रोल एवढंच आहे. यातलं काय चालेल, आणि वरचा भाग किती लख्ख व्हायला हवा?

तिन्ही नकोत. का ते पुढे सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट. तुमचा जवळजवळ सगळा प्रश्न वरच्या भागाबद्दल आहे आणि पिनांचा उल्लेख जाता जाता आला आहे. माझ्याकडे मशीन घेऊन येणारे बहुतेक जण असंच करतात. वरचा भाग म्हणजे निकेलचा मुलामा दिलेलं तांब्याचं जाडजूड झाकण. ते बिघडवायचं म्हटलं तरी सहज बिघडत नाही. प्रोसेसर हातचा जातो तो खालच्या बाजूने: वाकलेली पिन, पिनांच्या मुळाशी साचलेली पेस्ट, सॉकेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेच्या, भोकात गेलेला कापसाचा धागा. म्हणून जुना प्रोसेसर हातात आला की मी आधी तो उलटा करतो.

पिनांमध्ये पेस्ट आली कशी, हाही विचार करा. तुमचा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा आहे. या सॉकेटमध्ये प्रोसेसरला वरून दाबून धरणारी चौकट नसते. बाजूची दांडी, म्हणजे लिव्हर, खाली केला की सॉकेट पिनांना बाजूने पकडतं, बस्स. कूलर मात्र जुन्या पेस्टने झाकणाला घट्ट चिकटलेला असतो. तो कुणी सरळ वर ओढला, की लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरबरोबर वर येतो. मग घाईघाईने तो कूलरपासून सोडवताना पेस्टचे हात पिनांना लागतात. तुमच्या प्रोसेसरचं असंच झालं असेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण पिनांमधल्या पेस्टचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. तेव्हा ती पेस्ट नुसती घाण समजू नका, खूण समजा. जिथे पेस्ट पोचली आहे तिथे आजूबाजूला वाकलेली पिन असण्याची शक्यता असते.

पुढचं काही बाबतीत तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मदरबोर्ड हाताशी आहे का, की नुसता प्रोसेसर आहे? आणि वरची पेस्ट नेमकी कसली आहे? राखाडी किंवा पांढरी असेल तर काळजी नाही. बहुतेक साध्या पेस्ट म्हणजे सिलिकॉन तेलात कालवलेली झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड अशी बारीक पूड, आणि त्यातून वीज वाहत नाही. पण चकचकीत चंदेरी, धातूचे थेंब दिसत असतील तर ते लिक्विड मेटल आहे, म्हणजे गॅलियमचं मिश्रण. ते वीज वाहून नेतं, आणि ॲल्युमिनियमला लागलं तर त्याचा भुगा करतं. तसं असेल तर खाली लिहिलेलं काहीही करू नका. पिनांमध्ये त्याचा कणही राहिला तर शॉर्ट होईल. प्रोसेसर सरळ जाणकाराकडे न्या. तुम्ही 'खडखडीत वाळली' म्हणता त्यावरून ही साधीच पेस्ट असावी असं धरून पुढे लिहितो.

आता द्रवाचं. हवं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानदारांच्या भाषेत आयपीए. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं; बाकी गावांत मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्याकडे 'आयपीए द्या' म्हटलं की देतो. ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. ७० टक्क्यांचंही चालतं, फक्त उरलेला भाग पाण्याचा असल्याने वाळायला जास्त वेळ द्यावा लागतो, त्यात पावसाळ्यात तर आणखीच.

सॅनिटायझर का नको? त्यात अल्कोहोल असतं, पण ते हातांसाठी बनवलेलं आहे. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. जेल असेल तर घट्टपणा आणणारं रसायनही असतं. अल्कोहोल उडून जातं आणि हे मागे राहतं. सर्जिकल स्पिरिटचंही बघून घ्या, काहींमध्ये एरंडेल तेल असतं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं. धातूच्या झाकणाचं ते काही वाकडं करत नाही, पण आजूबाजूच्या काही प्रकारच्या प्लास्टिकला लागलं तर ते मऊ पडू शकतं. शिवाय त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. पेट्रोल पेस्ट काढेल, पण मागे तेलकट थर ठेवेल, आणि घरात उघडं पेट्रोल घेऊन बसण्याइतका हा प्रोसेसर महाग नाही. रॉकेल, थिनर, कुरकुरणाऱ्या बिजागरीवर मारतो तो स्प्रे, यांचंही तेच. टूथपेस्टने घासायचा सल्लाही कुणी ना कुणी देतंच. त्यात घासणारी पूड आणि ग्लिसरीन दोन्ही असतात. नको.

हातात असलेलं द्रव योग्य आहे का अशी शंका असेल तर साधी परीक्षा आहे. स्वच्छ पुसलेल्या आरशावर एक थेंब टाका, पूर्ण उडून जाऊ द्या, मग तिरक्या उजेडात बघा. काहीच डाग राहिला नाही तर ते वापरा. कडेला रिंगण उरलं, बोटाला चिकट लागलं, तर तेच तुमच्या पिनांमध्येही उरणार आहे. सॅनिटायझरचा थेंब शेजारी टाकून बघा म्हणजे फरक कळेल.

आयपीएबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. त्याने पेस्ट विरघळत नाही. पेस्टमधलं सिलिकॉन तेल अल्कोहोलमध्ये नीट विरघळतच नाही, आणि पूड तर मुळीच नाही. आयपीए पेस्ट सैल करतं, पातळ करतं. ती उचलून बाहेर न्यायचं काम फडक्याचं. म्हणून एकाच बोळ्याने गोल गोल घासत बसलं की पेस्ट जागच्या जागी पसरत राहते आणि 'निघतच नाही हो' अशी तक्रार येते. फडक्याचा कोरा भाग, एक पुसणी, पुन्हा कोरा भाग. खरी युक्ती एवढीच.

फडकं म्हणून चष्मा पुसायचं कापड उत्तम. कॉफी गाळायचे कागदी फिल्टर मिळाले तर तेही छान, तूस सोडत नाहीत. पहिला ढोबळ थर काढायला साधा टिश्यूपेपर चालेल, शेवटचा हात मात्र तूस न सोडणाऱ्या कापडाचा हवा. औषधाच्या दुकानातला कापूस पिनांच्या आसपासही आणू नका. त्याचे धागे पिनांना अडकतात आणि ओढले की पिनही येते.

आगीचंही सांगितलंच पाहिजे. आयपीएची वाफ साधारण १२ अंश सेल्सिअसपासूनच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बारा महिने. स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा देवघरात दिवा लागलेला असताना हे काम करू नका. खिडकी उघडी ठेवा.

आता हात घालू. प्रोसेसर नेहमी कडांना धरायचा. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. कोकणात पावसाळ्यात हे विसरलात तर बहुधा काही होणार नाही. विदर्भातल्या कोरड्या थंडीत, अंगात लोकरी स्वेटर असताना विसरू नका.

फडक्याची तीन-चार पदरी घडी करा, मधोमध आयपीएने ओली करा आणि प्रोसेसर पिना वर, झाकण खाली असा तिच्यावर ठेवा. याचे दोन फायदे. पिनांवर वजन येत नाही, आणि तुम्ही पिना साफ करता तोवर खाली वरची वाळलेली पेस्ट आपोआप भिजत पडते. फडकं सुकलं तर कडेने थोडं आयपीए सोडा.

पिनांसाठी लहान मुलांचा मऊ टूथब्रश घ्या, नवा कोरा. त्याचं टोक आयपीएत बुडवून झटका, गळता ठेवू नका. एएम४ प्रोसेसरला १३३१ पिना असतात आणि त्या सरळ रांगांत असतात. ब्रश रांगेच्या दिशेने चालवा, आधी आडवा, मग उभा. तिरका किंवा गोल नको. जोर अजिबात नाही. केसांची टोकं पिनांच्या मधून मुळाशी पोचली पाहिजेत, एवढंच. दोन-तीन वेळा फिरवला की ब्रश फडक्याला पुसा, नाहीतर एका कोपऱ्यातली पेस्ट तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवाल. पेस्ट मुळाशी चिकटून बसली असेल तर तिथे आयपीएचा थेंब सोडून थोडं थांबा. सुईने किंवा टाचणीने कोरू नका. सगळा प्रोसेसर आयपीएच्या वाटीत बुडवून ठेवणारेही आहेत. मला ते पटत नाही. झाकणाभोवतीच्या गोंदाला बारीक फट सोडलेली असते, तिच्यातून द्रव आत गेलं की उडून जायला वेळ लागतो, आणि बुडवून जे होतं ते ब्रशने होतंच.

आता प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीला आणा आणि रांगेच्या रेषेत बघा, समोरून आणि बाजूने. मोबाईलचा टॉर्च पलीकडून लावा. सगळ्या पिना सरळ असतील तर रांगांमधून उजेडाच्या स्वच्छ पट्ट्या दिसतात. पट्टीत काही आडवं आलं तर तिथे एक तर पिन वाकली आहे किंवा पेस्ट उरली आहे. वाकलेली पिन सरळ करायला ०.५ किंवा ०.७ ची यांत्रिक पेन्सिल वापरा, आतलं शिसं काढून. टोकाची नळी पिनेवर चढवायची आणि केसभर हलवायची, थांबून बघायचं, पुन्हा केसभर. एका दमात सरळ करू नका. मागेपुढे वाकवत राहिलं की पिन मुळाशी तुटते. रांगच्या रांग थोडी कलली असेल तर जुन्या एटीएम कार्डाची कड रांगांच्या मधून सरकवून सरळ करता येते. पिन तुटलीच तर लगेच आशा सोडू नका, काही पिना नुसत्या ग्राउंडच्या असतात आणि त्यातली एखादी गेली तरी प्रोसेसर चालतो. पण तो नशिबाचा भाग.

खालची बाजू झाली की वाळू द्या. ९९ टक्क्यांचं आयपीए पंख्याखाली काही मिनिटांत उडतं. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे बारीक तुषार उडतात.

मग मदरबोर्ड हाताशी असेल तर वरची बाजू मी प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवून, लिव्हर बंद करूनच साफ करतो. मशीनची वायर भिंतीतून काढलेली हवी. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. प्रोसेसर आपल्या वजनानेच खाली बसतो, दाबावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय. एकदा बसला की पिना आत सुरक्षित, सॉकेट झाकलेलं, आणि वर तुम्ही निवांत पुसू शकता. फक्त आयपीए फडक्यावर घ्यायचं, प्रोसेसरवर ओतायचं नाही. मदरबोर्ड नसेल तर प्रोसेसर एका हातात कडांना धरून पुसा. पिना टेबलावर टेकवून वरून दाबणं, या सगळ्या कामात हे एकच खरोखर महागात पडतं.

वर जाड थर असेल तर ओल्या फडक्याचा तुकडा त्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा, मग जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने तासून काढा. ब्लेड, स्क्रूड्रायव्हर नको. ओरखड्याने तापमान वाढेल म्हणून नव्हे, बारीक ओरखडे पेस्ट भरून काढतेच. हात सटकून ते टोक बाजूच्या हिरव्या पट्टीवर किंवा मदरबोर्डवर जातं म्हणून. पुसताना कडेकडून मध्याकडे या, म्हणजे पेस्ट खाली ओघळत नाही. झाकण आणि हिरवी पट्टी यांच्या बेचक्यातली पेस्ट ओल्या इअरबडने काढा. तिथे थोडी उरली तरी साध्या पेस्टने काही होत नाही, पण पुढच्या वेळी ती पुन्हा पिनांकडे उतरू नये म्हणून काढलेली बरी.

किती लख्ख, हा तुमचा दुसरा प्रश्न. उत्तर पेस्टच्या कामातच आहे. झाकण आणि कूलरचा तळ कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यात बारीक खड्डे असतात, आणि खड्ड्यात हवा. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजतात ती ४०० च्या आसपास (वॅट प्रति मीटर केल्व्हिन या एककात), चांगल्या पेस्टची साधारण ४ ते १२, आणि हवेची ०.०३ सुद्धा नाही. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी पटीने चांगली, पण धातूपेक्षा फारच वाईट. ती फक्त खड्डे भरण्यापुरती हवी. जुन्या पेस्टची ढेकळं राहिली तर कूलर त्यांच्यावर टेकतो, सगळीकडेच अंतर वाढतं आणि नव्या पेस्टचा थर जाड होतो. एवढ्यासाठी साफ करायचं, चकाकीसाठी नाही.

त्यामुळे बोट न लावता तिरक्या उजेडात बघा. उंचवटा दिसत नाही आणि कोऱ्या पांढऱ्या फडक्याचा शेवटचा हात जवळजवळ स्वच्छ येतो, की काम झालं. फिकट डाग, जुन्या कूलरच्या कडेचा वण, कोरलेल्या अक्षरांत अडकलेली राखाडी पूड, यांना हात लावायची गरज नाही. अक्षरं लेझरने कोरलेली असतात, खोल असतात. त्यांत पेस्ट राहणारच. पॉलिश पेपरने घासून झाकण चमकवणारे लोक आहेत, पण सेकंडहँड प्रोसेसरवर ती अक्षरं हाच त्याचा एकमेव दाखला असतो. उलट साफ झाल्यावर ती नीट वाचा. विकणाऱ्याने सांगितलेलं मॉडेलच आहे का, हे पेस्टखाली झाकलेलं होतं. आणि झाकण उचकटून आतली पेस्ट बदलायचा विचारही नको. ३६०० मध्ये झाकण आतल्या चिपला सोल्डरने जोडलेलं असतं, तिथे बदलण्यासारखी पेस्टच नाही.

कूलरचा तळही याच पद्धतीने पुसा. हीटपाइप, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या, प्रोसेसरला थेट टेकणारा कूलर असेल तर पाइपांमधल्या खाचांत जुनी पेस्ट राहील. ती सपाटीला आली असेल तर राहू द्या.

इंटेलचा प्रोसेसर असणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण तिथे सगळं उलटं आहे. एलजीए प्रकारात पिना मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसरला खाली फक्त सपाट सोनेरी ठिपके. एएमडीनेही २०२२ मध्ये एएम५ आणताना हाच प्रकार घेतला. ठिपके ओल्या फडक्याने अलगद पुसता येतात. रॅमच्या पट्टीसारखे खोडरबरने घासू नका. सॉकेटला मात्र फडकं, कापूस, इअरबड काहीच लावायचं नाही. त्या पिना स्प्रिंगसारख्या वर आलेल्या असतात आणि धाग्यात अडकल्या की वाकतात, वाकलेली पिन सरळ करणंही एएम४ पेक्षा कितीतरी कठीण. म्हणून तिथे वरचं झाकण साफ करेपर्यंत प्रोसेसर सॉकेटमधून काढूच नये.

नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. पसरवायची गरज नाही, कूलरचा दाब पसरवतो. स्क्रू एकदम आवळू नका. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर थोडे थोडे, आळीपाळीने. कूलर टेकवल्यावर काही कारणाने पुन्हा उचलावा लागला तर पेस्टमध्ये हवा शिरलेली असते, तेव्हा पुसून नव्याने लावा. आणि पुढे कधी कूलर काढायची वेळ आली तर आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, वायर काढा, कूलर डावी-उजवीकडे पिळून सुटला की मगच उचला.

मशीन सुरू झाल्यावर लोक तापमानाचा आकडा बघून घाबरतात. ३६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. सोबत येणाऱ्या छोट्या कूलरवर पूर्ण भार दिला तर ऐंशीच्या घरात जाणं मला खटकत नाही. काही न करता बसलेला असतानाही त्याचा आकडा वर-खाली उड्या मारतो. तो या प्रोसेसरचा स्वभाव आहे, पेस्टचा दोष नाही. आणि खोलीचं तापमान वजा केल्याशिवाय कुणाशी तुलना करू नका. नागपुरात मे महिन्यात बसलेल्याचा आकडा आणि महाबळेश्वरातल्याचा आकडा एक कसा येईल? भार दिल्याबरोबर काही सेकंदांत थेट नव्वदीपार गेला तर मात्र कूलर नीट टेकलेला नाही, किंवा त्याच्या तळावरची संरक्षक प्लास्टिक फिल्म काढायची राहिली आहे.

डिस्प्लेच आला नाही तर साफसफाईला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा. रायझन ५ ३६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली असेल तर पडदा काळाच राहणार. वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. दुसरं, मदरबोर्ड बी३५० किंवा सुरुवातीचा बी४५० असेल तर ३६०० ओळखण्याआधी त्याचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर, अपडेट झालेलं असावं लागतं. हे दोन्ही ठीक असेल, आणि रॅमची एक पट्टी एका स्लॉटमध्ये चालते पण दुसऱ्यात चालत नाही असं दिसलं, तर प्रोसेसर बाहेर काढून पिनांच्या रांगांवर पुन्हा टॉर्च मारा. पेस्ट वीज वाहून नेत नसली तरी नेमक्या पिनेवर बसली तर संपर्क तोडतेच.